अर्जुनमाळी आणि पर्वतशिखरावरचा ड्रॅगन

हार्बर मार्गावर मानसरोवर आणि पनवेल या दोन स्थानकांच्या मध्ये खांदेश्वर येते. सिडकोने आखलेल्या या परिसरात निरनिराळ्या गावांहून येऊन स्थिरावलेली कुटुंबे राहतात. कोणाचे मूळ सांगली-कोल्हापूरकडचे, कोणाचे अहिल्यानगर-पुण्याकडचे, तर कोणाचे राजस्थान वा गुजरातमधले. चातुर्मासात या घरांतील वडील मंडळी पावसातून छत्री सावरत व्याख्यानाला जातात आणि त्याच वेळी घरातील तरुण मुलगा किंवा मुलगी बंद दाराआड संगणकावर एखाद्या काल्पनिक राज्यात वावरत असते. या खेळांविषयी घरात जे प्रश्न विचारले जातात ते बहुधा ठरलेले असतात. किती तास खेळलास, डोळे किती बिघडले, परीक्षा कधी आहे. हे प्रश्न योग्यच आहेत. परंतु त्या काल्पनिक राज्यात कोणाला मारले, कोणाला सोडले आणि तसे का केले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक जैन घराला सर्वांत जवळचा प्रश्न तोच आहे.

‘रोल प्लेइंग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळांत खेळणारा एका पात्राची भूमिका स्वीकारतो. त्या पात्राने कोणाशी मैत्री करावी, कोणावर शस्त्र उगारावे, दिलेले वचन पाळावे की मोडावे, याचा निर्णय त्याच्या हाती असतो. म्हणूनच या खेळांतील पात्रांच्या नीतीविषयी खेळणाऱ्यांमध्ये तावातावाने वाद होतात. त्यांपैकी एक वाद अनेक वर्षे चालू आहे आणि त्याचा विषय क्षमा हा आहे.

नोव्हेंबर २०११ मध्ये बेथेस्डा या अमेरिकी कंपनीचा ‘स्कायरिम’ हा खेळ प्रसिद्ध झाला. बर्फाच्छादित पर्वतांच्या एका कल्पित देशात, फार पूर्वी नाहीसे झालेले ड्रॅगन पुन्हा प्रकट होतात, अशी त्याची कथा आहे. त्यांचा अधिपती आल्डुइन जगाचा विनाश करण्यास निघाला आहे. खेळणाऱ्याने त्याला थांबवायचे आहे. या कार्यात त्याला सर्वांत मोठे साहाय्य मिळते ते पार्थर्नाक्स नावाच्या एका वृद्ध ड्रॅगनकडून. देशातील सर्वोच्च शिखरावर तो एकटाच राहतो. शिखराखालच्या मठात ग्रेबीअर्ड्स नावाचे मौनप्रिय साधक राहतात. तो त्यांचा गुरू आहे आणि त्याच्या अस्तित्वाची वार्ता ते बाहेर फुटू देत नाहीत.

या गुरूचा पूर्वेतिहास मात्र भयंकर आहे. ड्रॅगनांनी मानवांना गुलाम करून ठेवले होते त्या काळी पार्थर्नाक्स हा आल्डुइनचा उजवा हात होता. त्या राजवटीतील अत्याचारांत त्याचा मोठा वाटा होता. पुढे त्याचे मन पालटले. आपल्याच जातीविरुद्ध उभे राहून त्याने मानवांना ड्रॅगनांची शब्दविद्या शिकवली आणि तिच्या बळावर मानव स्वतंत्र झाले. त्यानंतरची हजारो वर्षे त्याने आपल्या क्रूर स्वभावावर ताबा मिळवण्यात घालवली आहेत. जन्मतःच चांगले असणे श्रेष्ठ, की परिश्रमाने आपल्या दुष्ट प्रवृत्तीवर विजय मिळवणे श्रेष्ठ, अशा आशयाचा प्रश्न तो खेळणाऱ्याला विचारतो. अनेकांच्या मनात हा प्रश्न खेळ संपल्यानंतरही रेंगाळत राहतो.

कथेच्या उत्तरार्धात ड्रॅगनांशी पिढ्यान्‌पिढ्या लढत आलेल्या ‘ब्लेड्स’ या पथकाची डेल्फीन नावाची स्त्री खेळणाऱ्यापुढे मागणी ठेवते की, पार्थर्नाक्सला ठार मारावे. त्याचे गुन्हे फार मोठे आहेत, काळ लोटला म्हणून ते पुसले जात नाहीत, असे तिचे म्हणणे. तो मरेपर्यंत पथक खेळणाऱ्याला साहाय्य करणार नाही, असेही ती बजावते. दुसऱ्या बाजूस, त्याला मारले तर मठातील साधक खेळणाऱ्याशी संबंध तोडतात.

खेळणाऱ्यांचे सर्वसामान्य मत यावर केव्हाच ठरून गेले आहे. पार्थर्नाक्स हा त्यांचा लाडका आणि डेल्फीन ही त्यांच्या तिरस्काराचा विषय. कृतघ्न, हट्टी, सूडाने आंधळी झालेली, अशी विशेषणे तिच्या वाट्याला येतात. पश्चात्ताप झालेल्याला मारणे अधर्म आहे, या एका वाक्यात बहुतेकांचा न्याय पूर्ण होतो. जैन घरातील मुलानेही असाच निर्णय घेतला असेल तर प्रथमदर्शनी आनंदच वाटावा. त्याने एका शरणागताचा जीव वाचवला आहे.

तरीही या प्रसंगाकडे जैन कथापरंपरेच्या दृष्टीने पाहिले तर जे मत निघते ते कोणत्याच बाजूला फारसे आवडणारे नाही. डेल्फीनचा प्रश्न खरा आहे, तिची मागणी खोटी आहे. आणि पार्थर्नाक्सची साधना खरी असली तरी तिच्यात एक मोठी उणीव आहे. हे मत समजण्यासाठी खेळातून थोडा वेळ बाहेर पडून राजगृह नगरीत यावे लागेल.

स्थानकवासी परंपरेत पर्युषणाच्या आठ दिवसांत अंतगड सूत्राचे वाचन होते. त्याच भवात सर्व कर्मांचा अंत करून मुक्त झालेल्या ९० जीवांची चरित्रे त्यात आहेत. सहाव्या वर्गातील अर्जुनमाळ्याचे चरित्र श्रोत्यांना विशेष परिचित आहे. राजगृहाबाहेर अर्जुनाची फुलबाग होती आणि बागेजवळ मुद्गरपाणी यक्षाचे मंदिर होते. अर्जुनाचे घराणे पूर्वापार त्या यक्षाची पूजा करीत असे. एके दिवशी नगरातील सहा उन्मत्त तरुणांनी त्याला त्याच मंदिरात बांधून ठेवले आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याची पत्नी बंधुमती हिच्यावर अत्याचार केला. जन्मभर ज्याला पूजले तो देव संकटात धावून येत नाही, तेव्हा ही मूर्ती म्हणजे निव्वळ लाकूडच होय, असा संताप अर्जुनाच्या मनात उसळला. त्या क्षणी यक्षाने त्याच्या शरीरात प्रवेश केला. बंधने तुटली. मूर्तीच्या हातातील लोखंडी मुद्गर अर्जुनाने उचलला आणि त्या सहा जणांना ठार मारले. सातवी मारली गेली ती बंधुमती. जिच्यावरील अन्यायामुळे तो संताप पेटला, तीही त्याच मुद्गराखाली गेली.

तेवढ्यावर हे थांबले नाही. दररोज सहा पुरुष आणि एक स्त्री असा संहार चालू राहिला. परंपरा त्याचा काळ ५ महिने १३ दिवस सांगते. १६३ दिवस आणि दर दिवशी ७, म्हणजे १,१४१ माणसे. श्रेणिक राजाने नगराबाहेर पडण्यास मनाई केली. भगवान महावीर गुणशील चैत्यात आले तेव्हाही दर्शनाला जाण्याचे धैर्य कोणास होईना. सुदर्शन श्रेष्ठी तेवढा निघाला. वाटेत मुद्गर उगारून येणारा अर्जुन दिसताच त्याने पळ काढला नाही की शस्त्र शोधले नाही. जागा स्वच्छ करून, व्रतांचा उच्चार करून तो ध्यानस्थ झाला. यक्षाचे बळ त्याच्यापुढे चालेना. यक्ष निघून गेला आणि अर्जुन जमिनीवर कोसळला. शुद्धीवर आल्यावर तो सुदर्शनाबरोबर भगवंतांकडे गेला आणि त्याने दीक्षा घेतली.

सामान्य कथा येथे संपली असती. पापी शरण आला, प्रभूंनी स्वीकारले, सारे गोड झाले. परंतु अंतगड सूत्रातील कथेचा खरा गाभा यानंतर सुरू होतो. दोन दोन दिवसांच्या उपवासांचे आजन्म व्रत घेतलेला हा नवा मुनी पारण्याच्या दिवशी गोचरीसाठी जातो कोठे, तर त्याच राजगृहात. ज्या घरांतील माणसे त्याने मारली त्याच घरांच्या दारांशी. याने माझा बाप मारला, याने माझी आई मारली, याने माझा भाऊ, माझी मुलगी, माझी सून मारली, असे म्हणत लोक त्याला शिव्या देतात, मारहाण करतात. कधी अन्न मिळते तर पाणी मिळत नाही, कधी पाणी मिळते तर अन्न मिळत नाही. तो मनातही रोष न आणता सर्व सहन करतो. सहा महिने हे चालते, मग अर्ध्या महिन्याची संलेखना आणि शेवटी मुक्ती.

या चरित्रात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे, सूत्र राजगृहाच्या लोकांना दोष देत बसत नाही. त्यांचे दुःख खरे आहे. मुनीवर हात उगारणे हे कर्मबंधाचे कारण खरे, पण ज्याचा बाप मारला गेला त्याने मारेकऱ्याला ओळखू नये, अशी अपेक्षा कथा ठेवत नाही. दुसरी म्हणजे, अर्जुनाने ‘ते मी केले नाही, यक्षाने केले’ असा बचाव एकदाही मांडलेला नाही. त्याला मांडता आला असता. शरीर त्याचे होते, बळ दुसऱ्याचे होते. तरीही तो प्रत्येक दारात उभा राहिला.

आता पुन्हा त्या शिखराकडे पाहिले तर उणीव स्पष्ट दिसते. पार्थर्नाक्सने हजारो वर्षे ध्यान केले, पण ते शिखरावर आणि रक्षकांच्या कड्यात. ज्यांच्या पूर्वजांना त्याने गुलाम केले, त्यांच्यातील एकाच्याही दाराशी तो गेलेला नाही. त्याचे अस्तित्वच गुप्त ठेवलेले आहे. त्याची साधना त्याच्या स्वभावापुरती खरी आहे, पण ज्यांचे त्याने वाईट केले त्यांना त्या साधनेत स्थान नाही. डेल्फीन ज्या मृतांच्या वतीने बोलते त्यांच्याविषयी बोलणारे खेळात दुसरे फारसे कोणी नाही, हे तिचा तिरस्कार करणारे विसरतात.

पर्युषणातल्या एखाद्या दुपारी खांदेश्वरच्या एखाद्या घरात आजी आणि नातवामध्ये असे बोलणे होऊ शकते. पडद्याकडे बोट दाखवून नातू म्हणेल, “आजी, हा ड्रॅगन वाईट नाहीये गं. पूर्वी होता. आता त्याने सगळं सोडलंय, म्हणून मी याला मारलं नाही.” सकाळीच अर्जुनमाळ्याचे चरित्र ऐकून आलेली आजी म्हणेल, “नाही मारलंस ते फार चांगलं केलंस, बाळा. पण ज्यांची माणसं गेली, त्यांच्याकडे गेला का रे हा कधी?” नातू थोडा विचार करील. “तसं दाखवलंच नाहीये. तो वरच बसून असतो.” त्यावर आजी एवढेच म्हणेल, “मग त्याचं अर्धंच झालंय.”

अर्धेच झाले असले तरी त्याला मारणे योग्य ठरत नाही. डेल्फीनची मागणी चुकते ती येथे. आल्डुइनविरुद्धच्या लढाईत कोणी स्वतःच्या व जगाच्या रक्षणासाठी शस्त्र उचलले तर श्रावकाचार त्याला विरोधी हिंसा म्हणतो. गृहस्थाला ती पूर्णपणे टाळता येत नाही, हे श्रावकाचाराला मान्य आहे. परंतु शांत बसलेल्या, प्रतिकाराची इच्छा नसलेल्या जीवाला ठरवून मारणे ही संकल्पी हिंसा आहे आणि तिला गृहस्थाच्या अणुव्रतातही जागा नाही. शिवाय डेल्फीन स्वतः शस्त्र उचलत नाही, ती दुसऱ्याला उचलायला लावते. कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे केलेले, करवलेले आणि मान्यता दिलेले, या तिन्हींचा हिशेब ठेवणाऱ्या परंपरेत आज्ञा देणारा हात स्वच्छ राहत नाही. सुदर्शनाचे उदाहरण येथे पुन्हा आठवावे. १,१४१ माणसांचा मारेकरी समोर असताना त्याने केलेली कृती म्हणजे आपल्या जागी स्थिर राहणे. अर्जुन वाचला म्हणूनच तो त्या दारांशी जाऊ शकला. मारला गेला असता तर राजगृहाला सूड मिळाला असता, पण अपराध्याच्या तोंडून अपराधाची कबुली मिळाली नसती.

पार्थर्नाक्सच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. आपल्यावर विश्वास न ठेवणारे लोक शहाणेच आहेत, अशा अर्थाचे बोल तो स्वतः बोलतो. आपला स्वभाव कधीही उसळी घेईल, याची त्याला रोज जाणीव आहे. ही अप्रमत्तता, सतत सावध राहणे, साधकाचे मोठे लक्षण आहे. त्याच्यावर निःशंक प्रेम करणाऱ्या चाहत्यांपेक्षा तो स्वतःला अधिक नीट ओळखतो.

येथे घरातील वडीलधारे एक आक्षेप घेतील आणि तरुण त्याच्या उलट घेतील. वडील म्हणतील, एवढ्या हिंसेच्या खेळात कसली नीती शोधता? तरुण म्हणतील, हे तर नुसते चित्र आहे, कोणी मरत नाही, मग पाप कसले? या दुसऱ्या आक्षेपाचा विचार जैन कवींनी हजार वर्षांपूर्वी करून ठेवला आहे. यशोधर राजाची कथा सोमदेवसूरींनी ९५९ साली ‘यशस्तिलक’ या संस्कृत चंपूत सांगितली. त्याच शतकात मान्यखेट येथे राहिलेल्या पुष्पदंत कवीने ती अपभ्रंशात ‘जसहरचरिउ’ म्हणून रचली. पुष्पदंताचा हा ग्रंथ १९३१ साली डॉ. प. ल. वैद्य यांच्या संपादनाने विदर्भातील कारंजा येथील जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. कथा अशी की, दुःस्वप्नाच्या शांतीसाठी पशुबळी द्यावा असा यशोधराच्या आईचा आग्रह होता. राजाने जिवंत पशू मारण्यास नकार दिला. शेवटी तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून तो बळी दिला गेला. जीव कोणाचाच गेला नाही. तरीही मारण्याचा संकल्प झाला होता आणि त्या संकल्पाचे फळ माय-लेकाला पशुयोनीतील अनेक जन्मांत भोगावे लागले.

मग संगणकावरचा प्रत्येक योद्धा यशोधरच ठरतो काय? तसे म्हणणे घाईचे होईल. बुद्धिबळाच्या पटावरही हत्ती-घोडे ‘मारले’ जातात, पण तेथे जीव घेण्याचा भाव नसतो, मोहरे उचलण्याचा असतो. पिठाचा कोंबडा मात्र कोंबड्याच्या जागी, कोंबडा समजून कापला गेला. भूमिकेचे खेळ या दोहोंच्या मध्ये कोठेतरी येतात. त्यातील पात्रांना नावे आहेत, घरे आहेत, मुले आहेत. ती घाबरतात आणि दयेची याचना करतात. खेळणारा त्यांना मोहरे मानतो की माणसे मानतो, यावर त्याचा भाव ठरतो. तत्त्वार्थसूत्राने हिंसेच्या व्याख्येत प्राण घेण्याबरोबर प्रमत्त मनाचा योग आवश्यक मानला आहे, त्याचे कारण हेच. मुद्गरपाणी यक्ष जसा अर्जुनाच्या शरीरात शिरला, तसाच खेळणारा एका कल्पित शरीरात शिरतो. शरीर पडद्यावरचे, इच्छा खुर्चीत बसलेल्याची. म्हणून त्या पात्राने काय केले यापेक्षा ते करताना खुर्चीतल्याच्या मनात काय होते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आणि त्याचे उत्तर त्याच्यावाचून कोणी देऊ शकत नाही.

खेळ रचणाऱ्यांनाही ही अडचण जाणवलेली आहे. नीती मोजायची कशी, याची निरनिराळी उत्तरे त्यांनी दिली. ‘स्कायरिम’चे उत्तर साक्षीदाराचे आहे. कोणी पाहिले तरच गुन्हा नोंदवला जातो आणि डोक्यावर रक्कम लावली जाते. शेवटचा साक्षीदार मारला गेला तर ती रक्कमही रद्द होते. म्हणजे एक पाप दुसऱ्या पापाने पुसता येते. आत्मा स्वतःच आपल्या कर्माचा साक्षी आहे, असे मानणाऱ्याला हा हिशेब हास्यास्पद वाटेल. परंतु ‘कोणी पाहिले नाही ना?’ हा प्रश्न व्यवहारात किती वेळा मनात येतो, हे आठवले की हसू ओसरते.

त्याच कंपनीच्या २००८ सालच्या ‘फॉलआउट ३’ या खेळात ‘कर्म’ याच नावाचे मोजमाप आहे. चोरी केली की ते घटते, दान केले की वाढते. कितीही दुष्कृत्ये करून नंतर तहानलेल्या भिकाऱ्याला शुद्ध पाण्याच्या बाटल्या देत राहिले की खेळणारा पुन्हा सज्जनांत गणला जातो. शब्द आपल्या परंपरेतला, अर्थ मात्र जमाखर्चाच्या वहीतला. जैन कर्मसिद्धांतात पुण्य आणि पाप एकमेकांतून वजा होत नाहीत. दोन्ही बंधनेच आहेत आणि पूर्वबद्ध कर्माची निर्जरा तपाने होते. एका हाताने अन्याय करून दुसऱ्या हाताने संगमरवरी पाटीवर नाव कोरून घेणाऱ्याचा हिशेब त्या खेळाला पटेल, अंतगड सूत्राला पटणार नाही.

याहून सूक्ष्म विचार १९८५ साली रिचर्ड गॅरियट यांनी रचलेल्या ‘अल्टिमा ४’ या खेळात आढळतो. त्यात कोणा खलनायकाला मारून जिंकायचे नव्हते. सत्य, करुणा, नम्रता अशा आठ गुणांत पूर्णता मिळवायची होती आणि ती मिळवणाऱ्याला ‘अवतार’ म्हटले जाई. त्या खेळात वनौषधी विकणारे दुकानदार अंध आहेत. किती नाणी ठेवायची हे गिऱ्हाइकाने ठरवायचे. कमी ठेवली तरी दुकानदाराला कळत नाही आणि शिपाई येत नाही. मात्र खेळणाऱ्याच्या सत्यगुणात निःशब्दपणे घट होते. अदत्तादान म्हणजे काय, हे लहान मुलाला समजावण्यासाठी याहून सोपे उदाहरण शोधावे लागणार नाही.

२०१५ सालच्या टोबी फॉक्स यांच्या ‘अंडरटेल’ या खेळाने तर पायाच बदलला. या प्रकारच्या खेळांत शत्रू मारून गुण मिळवणे आणि पातळी वाढवणे ही रूढ रीत. येथे शेवटी कळते की ते गुण म्हणजे देहदंड दिल्याचे गुण होते आणि ‘लव्ह’ हे प्रेमाचे वाटणारे नाव प्रत्यक्षात हिंसेच्या पातळीचे संक्षिप्त रूप होते. कोणालाही न मारता, प्रत्येकाशी बोलून, समजूत घालून हा खेळ पूर्ण करता येतो आणि तसे करणारा शेवटपर्यंत पहिल्याच पातळीवर राहतो. उलट ज्याने एकदा सर्वांचा संहार करून खेळ शेवटास नेला, त्याने पुन्हा आरंभ करून सर्वांना वाचवले तरी शेवटावर पूर्वीच्या संहाराची छाया पडते. केलेले कर्म जन्म बदलला तरी सोबत येते, ही कल्पना खेळाच्या भाषेत इतक्या थेटपणे क्वचितच मांडली गेली असेल.

‘स्कायरिम’मध्ये पार्थर्नाक्सला न मारण्याचा निर्णय घेणाऱ्याच्या वाट्याला एक विचित्र अनुभव येतो. डेल्फीनला स्पष्ट नकार देण्याची सोयच मूळ खेळात नाही. म्हणून ते काम कार्यांच्या यादीत कायमचे अपूर्ण राहते. पुढे चाहत्यांनीच खेळाला जोड तयार केली आणि त्या पथकाला नाही म्हणण्याचा मार्ग उघडला. परंतु मूळ खेळातील ते अपूर्ण काम अधिक बोलके आहे. खेळ केवळ केलेल्या गोष्टी मोजतो. व्रत मात्र न केलेल्या गोष्टींनी पूर्ण होते. रात्री न खाल्लेले अन्न, न बोललेला कटू शब्द, न उगारलेला हात, यांची नोंद कोणत्याही यादीत ‘पूर्ण’ म्हणून होत नाही. यादीत एक काम कायमचे अपूर्ण ठेवण्याची तयारी ज्या मुलाने दाखवली, त्याने निवृत्तीचा एक छोटा धडा गिरवला आहे.

जैन परंपरेने पात्रांविषयी लोकप्रिय मतांची फारशी पर्वा कधीच केलेली नाही. रविषेणांच्या पद्मपुराणाच्या परंपरेत रावणाचा वध राम करीत नाही, लक्ष्मण करतो. त्या वधामुळे लक्ष्मण नरकात जातो आणि रावण मात्र पुढील काळात तीर्थंकर होणार, असे सांगितले जाते. भगवान महावीरांचा निस्सीम भक्त श्रेणिक राजा आज पहिल्या नरकात आहे आणि येत्या चोवीसीत पहिला तीर्थंकर होणार आहे. भक्ती होती म्हणून नरक टळला नाही आणि नरक आला म्हणून मुक्तीचे दार बंद झाले नाही. ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ अशी चिठ्ठी कोणा जीवावर कायमची चिकटवता येत नाही. मात्र केलेले कर्म भोगल्यावाचून किंवा तपाने झडल्यावाचून सुटत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानणे कठीण असते. पार्थर्नाक्सचे चाहते पहिली मानतात, डेल्फीन दुसरी मानते.

हा वाद केवळ खेळणाऱ्यांचा नाही. संवत्सरीच्या संध्याकाळी ‘मिच्छामि दुक्कडम्’चे संदेश शेकडोंनी धाडले जातात. दशलक्षण पर्वानंतर क्षमावाणीच्या दिवशीही तेच घडते. सुंदर फुलांचे चित्र, खाली कुटुंबातील सर्वांची नावे, एकाच स्पर्शाने सर्व परिचितांना रवाना. ज्याच्याशी कधी भांडण झाले नाही त्याला तो पोहोचतो. ज्या भावाशी वडिलांच्या घरावरून बोलणे बंद आहे, ज्या जावेला सर्वांसमोर टोचून बोलले गेले, ज्या भागीदाराची रक्कम दाबून ठेवली, ज्या कामवाल्या बाईवर खोटा आळ घेतला, त्यांच्यापर्यंत मात्र तो बहुधा पोहोचत नाही. पोहोचला तरी फुलांच्या चित्रासह पोहोचतो आणि त्या चित्रात अपराधाचे नाव नसते. अशी क्षमायाचना शिखरावरून केलेली असते. ती मनाला हलके करते, पण ज्याचे वाईट केले त्याचे दार तिने ठोठावलेले नसते. आणि त्या दारामागचा माणूस लगेच क्षमा करील, कटू बोलणार नाही, अशी खात्री धरून जाणे हेही अर्जुनमाळ्याच्या मार्गाला सोडून आहे. तो गेला तेव्हा त्याला आधी दगडच मिळाले.

क्षमा मागणाऱ्याने दारात उभे राहावे, आणि क्षमा न करू शकणाऱ्यानेही मुद्गर हाती घेऊ नये, एवढे या दोन कथा एकत्र वाचल्यावर हाती लागते. नातेवाइकांतील जुन्या अबोल्यांत दोन्ही बाजूंना आपण डेल्फीन नाही असे वाटते आणि दोन्ही बाजूंना आपण पार्थर्नाक्स आहोत हे मान्य नसते. म्हणून वर्षे सरतात, लग्नपत्रिका पोस्टाने जातात आणि मुले चुलत भावंडांना ओळखेनाशी होतात.

घरातील मुलाला खेळ बंद कर म्हणण्याचा अधिकार वडीलधाऱ्यांना आहेच. जेवणाची वेळ, अभ्यासाची वेळ, झोपेची वेळ यांना मर्यादा हवीच. परंतु बंद करण्यापूर्वी शेजारी खुर्ची ओढून दहा मिनिटे बसावे आणि विचारावे, “कोणाला सोडलंस रे आज? का सोडलंस?” मुलगा उत्साहाने सांगेल. मग त्याला अर्जुनमाळ्याचे चरित्र सांगावे, राजगृहाच्या दारांपर्यंत सांगावे. तो कदाचित विचारील की, आपण कोणाच्या दारात जायचे राहिलो आहोत का. त्या प्रश्नासाठी मात्र उत्तर देणाऱ्याची तयारी हवी.